नगारा गळ्यात अडकवणारे कुलगुरू

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी संध्याकाळची माणसांची ये-जा वाढते. आम्ही पेशाने कारकून, त्यातून बी. कॉम. झालेले, म्हणून वस्तीतल्या मुलामुलींचे प्रवेश अर्ज, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे कागद हे काम वर्षानुवर्षे आमच्याकडे आलेले आहे. आता अर्ज संगणकावर भरावे लागतात, पण दाखले तेच, शिक्के तेच आणि आईबापांच्या चेहऱ्यावरची काळजीही तीच.

परवा असेच एक कुटुंब आले. वडील रात्रपाळीचे पहारेकरी, आई चार घरची धुणीभांडी करणारी, बरोबर म्हातारी आजी आणि बारावी झालेली मुलगी. मुलगी म्हणाली, “काका, मला बी. ए. करायचंय. संगीत विषय घेऊन. पुढं लोकगीतांचा अभ्यास करायचाय.” तिचे बोलणे पुरे व्हायच्या आत वडील म्हणाले, “भाऊ, तुम्हीच समजावा हिला. गाण्यानं काय पोट भरतं? तुम्ही बी. कॉम. केलंत म्हणून नोकरीला लागलात. हिला कॉमर्सलाच घाला.”

खरे सांगायचे तर आम्हालाही पहिल्यांदा तेच वाटले. जमाखर्च शिकलेल्याला कुठे ना कुठे टेबल मिळते, हा आमचा स्वतःचा अनुभव. पण मुलीने एक वाक्य बोलून आमचे तोंड बंद केले. ती म्हणाली, “आजीला शंभरावर ओव्या पाठ आहेत. ती गेल्यावर त्या कोण सांगणार?” आजी खाली मान घालून पदराशी चाळा करीत बसली होती. तिच्या गाण्याला कोणी ज्ञान म्हणेल हे तिच्या स्वप्नातही नसावे.

तेव्हा आम्हाला एका माणसाची आठवण झाली आणि त्या रात्री आम्ही त्या कुटुंबाला त्याची हकिकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा माणूस म्हणजे डॉ. रामदयाल मुंडा. भाषेचे आणि लोकसंगीताचे अभ्यासक, स्वतः गाणारे, वाजवणारे, नाचणारे आणि रांची विद्यापीठाचे कुलगुरू.

रामदयाल मुंडांचा जन्म २३ ऑगस्ट १९३९ चा. आजच्या झारखंड राज्यात रांची जिल्ह्यात तमाड नावाचा भाग आहे, तिथल्या दिउडी या गावचे ते. घर मुंडा आदिवासींचे. हाच समाज बिरसा मुंडांचा. १८९९-१९०० साली इंग्रजांच्या आणि जमीनदारांच्या जुलमाविरुद्ध बिरसांनी ‘उलगुलान’ म्हणजे मोठा उठाव केला आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. रामदयाल जन्मले तेव्हा या गोष्टीला चाळीस वर्षेही झाली नव्हती. उठाव पाहिलेली म्हातारी माणसे गावोगाव जिवंत होती आणि बिरसांची गाणी लोकांच्या तोंडी होती.

मुंडांच्या गावात ‘अखरा’ असतो. अखरा म्हणजे गावातले नाचगाण्याचे मोकळे अंगण. तिथे तिकीट नाही, रंगमंच नाही आणि प्रेक्षकही नाहीत. जो येतो तो हातात हात गुंफून रांगेत उभा राहतो. गाण्यांनाही ऋतूंची शिस्त. पावसाळ्यात करमची गाणी, तर वसंतात सालवृक्षाला फुलोरा येऊन सरहुलचा सण होईपर्यंत जदुरची गाणी. एका ऋतूचे गाणे भलत्याच ऋतूत गायचे नाही. मुंडारी भाषेत एक म्हण आहे, ‘सेन गी सुसुन, काजी गी दुरंग’. अर्थ असा की चालणे हेच नाचणे आणि बोलणे हेच गाणे. रामदयाल मुंडांनी ही म्हण आयुष्यभर जवळ बाळगली.

सुरुवातीचे शिक्षण अमलेसा येथील मिशनच्या शाळेत झाले, पुढचे खुंटी येथे. मग रांचीला येऊन १९६३ साली त्यांनी मानववंशशास्त्रात एम. ए. केले. रांची विद्यापीठ तेव्हा नवेच होते, १९६० साली स्थापन झालेले. तिथून हा खेड्यातला मुलगा थेट अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेला. तिथे नॉर्मन झाईड नावाचे प्राध्यापक मुंडा भाषाकुळाचा अभ्यास करीत होते. या झाईडसाहेबांचा स्वतःचा डॉक्टरेटचा अभ्यास कोणत्या भाषेवर होता, माहीत आहे? कोरकू भाषेवर. म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे आपले कोरकू बांधव जी भाषा बोलतात ती. कोरकू आणि मुंडारी एकाच कुळातल्या बहिणी आहेत. मेळघाटातल्या ज्या भाषेला आपल्याकडे कोणी विचारीत नाही, तिच्यावर सातासमुद्रापार ग्रंथ लिहिला जात होता.

शिकागोत रामदयाल मुंडांनी भाषाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे गाण्यांवरचे काम. झाईड यांच्याबरोबर त्यांनी बिरसांविषयीच्या गाण्यांवर लेख लिहिला, तो १९६९ साली रांचीच्या एका संशोधनपत्रिकेत आला. पारंपरिक मुंडारी गीतांची बांधणी कशी असते, यावरही त्यांनी लिहिले. या गीतांत ओळी जोडीने येतात. पहिल्या ओळीत एक शब्द आला की दुसऱ्या ओळीत बाकी सारे तसेच ठेवून त्याच्या जागी त्याचा जोडीदार शब्द बसवतात. आपल्याला वाटते की बाया उगीच तेच तेच घोळवतात. अभ्यास करणाऱ्याला दिसते की हे काव्याचे शास्त्र आहे. अक्षर न वाचलेल्या पिढ्यांनी ते तोंडी सांभाळले, कारण जोडीने बांधलेले शब्द विसरले जात नाहीत.

पुढे मिनेसोटा विद्यापीठात ते दक्षिण आशियाच्या अभ्यास विभागात प्राध्यापक झाले. अमेरिकेतली प्राध्यापकी, डॉलरमधला पगार, चांगली ग्रंथालये. आपल्या वस्तीतला एखादा मुलगा तिथवर पोहोचला तर आपण म्हणू, बाबा, आता मागे वळून पाहू नकोस. ते मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रांचीला परतले. रांची विद्यापीठात आदिवासी आणि प्रादेशिक भाषांचा विभाग उभा करायचा होता. बिरसांच्या उठावाचा इतिहास लिहिणारे सनदी अधिकारी कुमार सुरेश सिंह यांचा त्यामागे मोठा पुढाकार होता. उभारणीचे काम रामदयाल मुंडांच्या अंगावर आले.

या विभागात नऊ भाषा घेतल्या गेल्या. मुंडारी, संताली, हो, कुडुख आणि खडिया या पाच आदिवासींच्या, तर नागपुरी, पंचपरगनिया, कुरमाली आणि खोरठा या चार प्रादेशिक. यातली नागपुरी आपल्या नागपूरची नव्हे, ती छोटानागपूरची. या नऊ भाषांत आदिवासींच्या आहेत आणि बिगर-आदिवासी सदान लोकांच्याही आहेत. शेजाऱ्याला वगळून आपले घर बांधायचे नाही, हे धोरण त्यात दिसते.

एक भाषा विद्यापीठात विषय झाली म्हणजे काय होते, हे आम्ही कारकुनाच्या नजरेने सांगतो. दप्तरात ज्याची नोंद नाही ते सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसते. विषय झाला की त्याला क्रमांक मिळतो, अभ्यासक्रम ठरतो. अभ्यासक्रम आला की पुस्तके लागतात, आणि ती लिहायला ती भाषा जाणणाराच माणूस लागतो. परीक्षा आली की प्रश्नपत्रिका काढणारा लागतो, तपासणारा लागतो, शिकवणारा लागतो. ज्या मुलाला कालपर्यंत ‘तुझी बोली गावठी’ म्हणून हिणवले जायचे, त्याच्या बोलीवर उद्या शिक्षकाची जागा निघते. आज झारखंड लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत या नऊही भाषा उमेदवाराला घेता येतात. आईच्या तोंडून शिकलेली भाषा अधिकारी होण्याच्या परीक्षेला चालते, ही गोष्ट लहान नव्हे.

पण रामदयाल मुंडा केवळ पुस्तकांवर थांबले नाहीत. विद्यापीठाच्या विभागातच त्यांनी अखरा आणला. विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र गात आणि नाचत. खेड्यातून आलेल्या ज्या मुलामुलींना शहरात आपला नाच दाखवायची लाज वाटत होती, त्यांचे गुरुजीच गळ्यात नगारा अडकवून रांगेत उभे राहात. लाज घालवायला याहून मोठे व्याख्यान कोणते?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर ते त्याच रांची विद्यापीठाचे प्र-कुलगुरू आणि मग कुलगुरू झाले. १९८८ पर्यंत त्या जबाबदारीवर होते. ज्या विद्यापीठात मुंडा समाजाचा एक विद्यार्थी म्हणून आले, त्याच विद्यापीठाच्या पदवी प्रमाणपत्रांवर आता त्यांची सही होऊ लागली. १९८७ साली सोव्हिएत संघात भारत महोत्सव झाला, तेव्हा छोटानागपूरच्या पाइका नृत्याचे पथक घेऊन ते मॉस्कोला गेले होते. रांचीत सरहुलची मिरवणूक निघे, त्यात लांब केसांचे, नगारा वाजवणारे रामदयाल मुंडा लोकांच्या गर्दीत असत. कुलगुरूपदाने त्यांचे वाजवणे बंद झाले नाही आणि वाजवण्याने त्या पदाची शान कमी झाली नाही.

इथवर आम्ही सांगितले आणि मुलीचे वडील, जे इतका वेळ गप्प ऐकत होते, एकदम बोलले. “भाऊ, त्यांचं खरं आहे. त्यांच्या नगाऱ्याला मान होता. आमचा बाप गावात हलगी वाजवायचा, ती हुकमाची हलगी. पाटलाच्या घरचं लग्न, देवाची पालखी, कुणाचं मयत, बोलावलं की जायचं. मोबदला काय, तर भाकरतुकडा. एके दिवशी सगळ्या वाड्यानं ठरवलं, आजपासून वाजवायचं नाही. गावानं बहिष्कार टाकला, तरी बापानं हलगी हातात धरली नाही. आणि त्याच्या नातीनं परत तेच शिकायचं?”

घरात शांतता पसरली. वाचकहो, हा प्रश्न पहारेकरी असलेल्या एका बापाचा असला, तरी त्यात आपल्या अनेक घरांचा इतिहास आहे. त्याला टाळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटले नाही.

आम्ही म्हटले, दादा, तुमच्या वडिलांनी केले ते शंभर टक्के बरोबर. सक्तीचे वाजवणे ही गुलामीच होती, ती टाकायलाच हवी होती. रामदयाल मुंडांच्या भागातही सगळे वाजवणारे सारखे नव्हते. तिथे घासी नावाचा समाज आहे. दुसऱ्यांच्या लग्नात आणि सणात वाजवणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांनाही हलके लेखले गेले. त्याच घासी समाजातले मुकुंद नायक हे नागपुरी गाण्याचे मोठे गायक आणि वादक झाले आणि २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग फरक कशाने पडतो? वाद्य तेच, चामडे तेच. कोण कोणाच्या हुकमाने वाजवतो, आणि ते गाणे कोणाच्या नावावर जमा होते, याने फरक पडतो. तुमची मुलगी कोणाच्या दारात वाजवायला चाललेली नाही. ती आजीचे गाणे आजीच्या नावाने वहीत लिहून घ्यायला चालली आहे. उद्या हलगीवर कोणी ग्रंथ लिहायचा झाला, तर तो हलगीचे ओझे वाहिलेल्या घरातल्या माणसाने लिहावा की परक्याने? परका गोडवे गाईल, पण भाकरतुकड्याची गोष्ट त्यात येणार नाही.

वडील काही बोलले नाहीत. आजी मात्र पहिल्यांदा वर बघून म्हणाली, “मग पुढं त्या माणसाचं काय झालं?”

पुढचे सांगतो. कुलगुरूपदावरून उतरल्यावर १९८९ साली केंद्र सरकारने झारखंडच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे ते सदस्य होते. वेगळ्या राज्याची मागणी का आहे, तिची मुळे भाषेत, जमिनीत आणि संस्कृतीत कशी आहेत, हे मांडण्यात त्यांच्या विद्वत्तेचा उपयोग झाला. १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जन्मदिनी, झारखंड राज्य झाले. जगातल्या मूळनिवासी लोकांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रसंघात जी चर्चा चाले, तिथेही ते भारतातल्या आदिवासींची बाजू मांडायला गेले. २००७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१० साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते राज्यसभेवर नियुक्त झाले. ३० सप्टेंबर २०११ रोजी रांचीत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. रांचीतल्या आदिवासी संशोधन संस्थेला आज त्यांचे नाव आहे. मेघनाथ आणि बिजू टोप्पो यांनी २०१७ साली त्यांच्यावर माहितीपट केला. त्याचे नाव ‘नाची से बाँची’, म्हणजे जो नाचेल तो वाचेल. हे त्यांचेच आवडते वचन.

चित्र एकरंगी रंगवायचे नाही, म्हणून हेही सांगतो. निवडणुकीच्या राजकारणात त्यांना फारसे यश आले नाही. संताली भाषेला २००३ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण त्यांच्या मुंडारीला अजून मिळालेले नाही. राज्य झाले म्हणून जंगल आणि जमीन जाण्याचे थांबले, असेही नाही. नाचल्याने पोटाचे आणि जमिनीचे सगळे प्रश्न सुटतात असा कोणी अर्थ काढला, तर ती स्वतःची फसवणूक होईल. रामदयाल मुंडा नाचत होते, त्याचबरोबर व्याकरण लिहीत होते, अभ्यासक्रम बांधत होते, समितीत बसून अहवालाच्या कामात भाग घेत होते. पाय अखऱ्यात आणि हात लेखणीवर, अशी ती जोडी होती. आपण मात्र पुष्कळदा दोन्हीतले एकच धरतो. शिकलेला गाणे विसरतो आणि गाणारा शाळा सोडतो.

आता आमच्या बी. कॉम. च्या हिशेबाने पाहू. अमेरिकेत राहिले असते तर एका कुटुंबाची भरभराट झाली असती. परत आल्याने नऊ भाषांच्या मुलांना पदवीची, नोकरीची, संशोधनाची वाट खुली झाली. पहिली जमा एका खात्यावरची, दुसरी हजारो खात्यांवरची. हा ताळेबंद कोणत्याही कॉलेजात शिकवीत नाहीत.

मुलीला आम्ही कसलीही हमी दिली नाही. संगीत घेतले की लगेच नोकरी, असे सांगणे खोटे झाले असते. पण वाटा आहेत, त्या सांगितल्या. महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठी जी नेट परीक्षा असते, तिच्या विषयांत संगीत आहे, लोकसाहित्य आहे, आदिवासी आणि प्रादेशिक भाषा-साहित्यही आहे. बी. ए. ला संगीताबरोबर मराठी ठेवावी म्हणजे शिक्षकी पेशाचीही वाट राहते. टंकलेखन आणि संगणक सुट्टीत शिकून घ्यावा, ते कुठेही कामाला येते. एम. ए. पर्यंत थांबायची तयारी मात्र घराने दाखवायला हवी. सासरची घाई मध्ये आणायची नाही, हे आम्ही आईबापांना बजावून सांगितले. रामदयाल मुंडांनाही दिउडीहून कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत यायला चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली.

वडिलांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, “भाऊ, पहिल्या पसंतीला तिचं लिहा. दुसऱ्याला कॉमर्स लिहून ठेवा.” आम्ही तसेच भरले. बापाची काळजीही खरी आहे, तिचाही मान राहिला पाहिजे.

जाता जाता वाचकांना एक विनंती. घरात वडीलधारी माणसे असतील तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. जात्यावरची ओवी, पाळणा, लग्नातले गाणे, कामावरचे गाणे, जे आठवेल ते मुलांना वहीत लिहून घ्यायला सांगा. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यावर आवाजही धरून ठेवता येतो. पण गाण्याच्या खाली चार गोष्टी न चुकता लिहा. गाणाऱ्याचे नाव, गाव, हे गाणे कोणत्या प्रसंगी म्हणत आणि ते कोणाकडून शिकले. या चार नोंदी नसतील तर गाणे पोरके होते, उद्या कोणीही त्यावर आपले नाव घालतो. कारकुनाचे हे सांगणे कोरडे वाटेल, पण नोंद ही दुबळ्याची ढाल असते.

आमच्याकडून उठताना आजीने विचारले, “माझं नाव लिहील का गं ही, त्या वहीत?” नात म्हणाली, “सगळ्यात वर.”

पुढील आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणकोणते दाखले लागतात आणि ते वेळेत कसे काढावेत, याविषयी लिहू.